इन्नू भाषेत क्रियापदाचं मूळ नेमकं कुठे संपतं आणि प्रत्यय कुठे लागतो?

रामबागवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे पण इथे दोन-चार व्याकरणवेडे आहेत हे माहीत आहे म्हणून विचारून राहिलोय.

माझी आत्येबहीण माँट्रियलला असते, तिला माझा हा भाषांचा नाद माहीत आहे, तर तिने तिथल्या लायब्ररीतून इन्नू भाषेच्या क्रियापदांच्या तक्त्यांचे फोटो काढून पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, बघ जमतंय का. इन्नू म्हणजे कॅनडाच्या पूर्वेला क्वेबेक आणि लॅब्राडोरमध्ये राहणारे मूळचे लोक, फ्रेंच लोक त्यांना मोंतान्ये म्हणायचे, भाषा अल्गॉन्किन कुळातली, बोलणारे सुमारे दहा-अकरा हजार. इनुइट वेगळे, त्यांची भाषा अगदीच दुसऱ्या कुळातली, नावं सारखी वाटतात म्हणून आधीच सांगून टाकतो.

तर तक्त्यात हे आहे (त्यांची लिपी रोमन आहे, मी जमेल तसं देवनागरीत लिहितोय, त्यांचा टी-एस-एच एकत्र आला की आपला च समजा):

निपाउ – तो झोपतो (किंवा ती, स्त्रीलिंग-पुल्लिंग असलं काही नाहीच)
निनिपान – मी झोपतो
चिनिपान – तू झोपतोस
निपाउअत – ते झोपतात

हे कळलं. नि म्हणजे मी, चि म्हणजे तू, मूळ निपा. मग पुढे निकमु म्हणजे तो गातो, निनिकमुन म्हणजे मी गातो, हेही ठीक. आता अइमु म्हणजे तो बोलतो. मी पान झाकून 'मी बोलतो' स्वतः बनवलं तर आलं नि-अइमुन, आणि तक्त्यात काय तर नित्-अइमिन! मधला त कुठून टपकला आणि उ चा इ कसा झाला? निकमुत तर उ जागच्या जागी राहिला होता ना. आणि अतुस्सेउ (काम करतो) याचं नित्-अतुस्सेन होतं, तिथे उ चक्क गायब.

अजून दोन गोष्टी समजून नाही राहिल्या. 'पाहतो' याला दोन वेगळी क्रियापदं दिलीत, वापमेउ आणि वापतम, दोन्हींचा अर्थ पाहतो, मग कधी कुठलं? आणि नकाराचं पान उघडलं तर सगळे प्रत्ययच बदललेले, ते नि-चि वगैरे सगळं साफ.

पाठ करायला माझी ना नाही, पण पाठ काय करू ते तरी कळू दे.

होळकरशाही:

भिया इथे आमच्या पोरांना मराठीतलं ताख्यात-लाख्यात सांगताना तोंडाला फेस येतो आणि तू थेट लॅब्राडोरला पोचलास. वाचतोय मात्र, चालू द्या.

जुनी_इंदूरकर:

रामबागवाल्या, तुझा तक्ता बरोबर आहे आणि तुझं डोकंही बरोबर चाललंय, फक्त तू कोशातलं रूप मूळ धरतोयस आणि तिथेच गाडी अडतेय. या भाषेत आपल्यासारखं 'बोलणे, झोपणे' असं णे लावलेलं रूप नाही. म्हणून कोशात क्रियापद देतात ते तृतीय पुरुषी एकवचनात, म्हणजे अइमु हे 'बोलणे' नाहीये, ते 'तो बोलतो' आहे, आणि त्यातला शेवटचा उ हा प्रत्यय आहे. संस्कृत शिकताना कोणी भू न सांगता नुसतं भवति सांगितलं असतं तर आपली जी पंचाईत झाली असती तीच तुझी झालीये.

आता तो उ सोलून काढ. निपाउ मधून निपा उरतं, अतुस्सेउ मधून अतुस्से. हे दोन सोपे कारण आ आणि ए पुढे उ वेगळा दिसतो. गोंधळ होतो तो मूळ इ-कारान्त किंवा उ-कारान्त असलं की. निकमु चं मूळच निकमु आहे, त्याला उ लागला, उ आणि उ एक झाले, दिसायला फरक नाही. अइमु चं मूळ मात्र अइमि. त्याला उ लागल्यावर इ गिळला गेला आणि अइमु झालं. म्हणजे कोशात दोघंही उ ने संपतात पण आतून वेगळे आहेत, आणि नुसतं तृतीय पुरुषी रूप बघून ते ओळखता येत नाही. कोणालाच येत नाही, त्यामुळे तू वाईट वाटून घेऊ नकोस.

आपल्याकडे हेच बघ ना. प्याला, भ्याला, ल्याला. समज कोणी परदेशी माणसाने मराठीचा कोश केला आणि त्यात फक्त ही भूतकाळाची रूपं दिली. तर पी, भी आणि ले हे धातू तो कसा ओळखणार? प्याला वरून पी काढला तर ल्याला वरून ली काढेल, आणि दागिने लेणाऱ्या बायका 'लितात' असं लिहून मोकळा होईल. तो पितो-भितो-लेतो बघितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून इन्नू शिकताना प्रत्येक क्रियापदाची 'मी' आणि 'तो' अशी दोन रूपं जोडीने लिहून ठेवायची. मी च्या रूपातून पुढचा नि काढायचा, मागचा न काढायचा, आत उरतं ते मूळ. निनिपान मधून निपा, निनिकमुन मधून निकमु, नित्-अइमिन मधून अइमि, नित्-अतुस्सेन मधून अतुस्से. बस.

तो त म्हणजे नुसतं ठिगळ आहे. नि किंवा चि नंतर मूळ स्वराने सुरू झालं तर दोन स्वर भिडू नयेत म्हणून मधे त येतो. बोलण्याच्या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. पण शब्द 'व' सारख्या आवाजाने सुरू होत असेल, जसं तुझं वापमेउ, तर त येत नाही, नि आणि वा मिळून थेट न्वा होतं. न्वापमाउ म्हणजे मी त्याला पाहतो.

एक अजून सांगते नाहीतर पुढच्या पानावर परत अडशील. नि आणि चि हे नेहमी क्रियापदाच्याच डोक्यावर बसतात असं नाही. आधी एखादा छोटा शब्द आला, इच्छा किंवा भविष्य दाखवणारा, तर ते उडी मारून त्याच्यावर जाऊन बसतात. नुइ निपान, मला झोपायचंय. निका निपान, मी झोपेन. बघ, निपान च्या पुढचा नि गेला पण मागचा न जागेवरच आहे.

दोन 'पाहतो' चं रात्री लिहिते, आत्ता कुकरची शिट्टी होतेय.

रामबागवाला:

काकू कमाल केलीत! प्याला-ल्याला वाचून एकदम डोक्यात बसलं. तक्त्यातली अजून पाच-सहा क्रियापदं घेऊन बघितली, जमतंय. इशिनिकाशु (त्याचं नाव अमुक आहे), त्याचं नित्-इशिनिकाशुन, म्हणजे मूळ इशिनिकाशु, उ-कारान्त. मिचु (ते खातो), निमिचिन, म्हणजे मूळ मिचि. पण खाण्याला तीन क्रियापदं आहेत हो तिथे! मिचिशु, मिचु आणि मुएउ. आता हे काय, पोह्याला वेगळं आणि जिलबीला वेगळं का?

होळकरशाही:

असेल तर इन्नू लोक मूळचे इंदूरचेच.

जुनी_इंदूरकर:

हसा, पण तसंच काहीसं आहे खरं.

या भाषेत नामं दोन गटांत, सजीव आणि निर्जीव. आपल्या तीन लिंगांच्या जागी हे दोन. आणि क्रियापदाचं मूळच या गटाप्रमाणे वेगळं असतं, आपल्यासारखं फक्त शेपूट बदलून भागत नाही. एखादी वस्तू तांबडी आहे म्हणायचं तर निर्जीवाला मिकुआउ आणि सजीवाला मिकुशिउ. म्हणजे मिकु हा तांबड्याचा तुकडा तोच, पण त्याला लागलेला पुढचा तुकडा वेगळा, आणि पुरुष-वचनाचे प्रत्यय त्याच्याही नंतर लागतात. कर्म असलेल्या क्रियापदांमध्ये कर्ता कोण ते न बघता कर्म सजीव का निर्जीव ते बघतात. वापमेउ म्हणजे तो कोणाला तरी पाहतो, माणसाला, हरणाला. वापतम म्हणजे तो एखादी निर्जीव वस्तू पाहतो. मी पाहतो करायचं तर पहिल्याचं न्वापमाउ आणि दुसऱ्याचं न्वापतेन. अशी एकूण चार घरं झाली: अकर्मक सजीव, अकर्मक निर्जीव, सकर्मक सजीव, सकर्मक निर्जीव. कोशात प्रत्येक क्रियापदापुढे कुठलं घर ते लिहिलेलं असतं, ते अगोदर बघायचं आणि मगच तक्ता उघडायचा. मिश्पुन म्हणजे बर्फ पडतोय, हे अकर्मक निर्जीव घरातलं, त्याला मी-तू लागायचा प्रश्नच नाही, अर्धा तक्ता वाचला.

खाण्याचं असं की मिचिशु म्हणजे नुसतं जेवतो, काय ते सांगायचं नाही. मिचु म्हणजे निर्जीव गटातलं काहीतरी खातो. आणि मुएउ म्हणजे सजीव गटातलं खातो. आता मासा-हरिण सजीव हे समजू शकतं, पण पाकुएशिकन म्हणजे भाकरी, तीही व्याकरणात सजीव! म्हणून भाकरी खाल्ली की निमुआउ. याच्यात फार तत्त्वज्ञान शोधू नका, लोक लगेच सुरू करतात की आदिवासी लोकांना सगळ्यात जीव दिसतो वगैरे. आपल्याकडे खुर्ची बाई आणि टेबल कुठे पुरुष तर कुठे नपुंसक, म्हणून आपण काय त्यांची लग्नं लावतो? कधीकधी मात्र गट बदलला की अर्थ सरकतो, मिश्तिकु सजीव असेल तर उभं झाड आणि निर्जीव असेल तर लाकूड, काठी. अनेकवचनात ते उघडं पडतं, झाडं म्हणजे मिश्तिकुअत आणि काठ्या म्हणजे मिश्तिकुआ.

रामबागवाल्या, मिचु मध्ये एक गंमत बघून ठेव. अर्थाने ते सकर्मक, काहीतरी खाल्लं जातंय, पण प्रत्यय घेतं अकर्मकाचे, निपाउ-अइमु सारखे. म्हणून तुला ते इतकं सहज सोडवता आलं. घर अर्थावरून ठरवायला गेलास तर इथे आपटशील, रूपावरून ठरव.

शास्त्रीबुवा:

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु 'मूळ' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरत आहात, तो जरा सोडवून घेऊ. पाणिनीय परंपरेत धातू वेगळा आणि अंग वेगळं. ज्याला प्रत्यय लागतो ते अंग, मग ते नुसता धातू असो की धातूला आणखी काही जोडून तयार झालेलं असो. काकूंनी नि आणि न सोलून जे काढलं ते अंग आहे. धातू त्याच्याही आत दडलेला असतो.

वापमेउ घ्या. यातलं अंग वापम. पण याच भाषेत वापाउ म्हणजे पांढरं आहे आणि वापन म्हणजे उजाडलं. तिन्हींत वाप सामायिक आहे आणि त्याचा भाव उजेडाचा, पांढरेपणाचा, दिसण्याचा. म्हणजे खरा बीजरूप तुकडा वाप, आणि पुढचे तुकडे ठरवतात की ते पांढरं असणं होईल, उजाडणं होईल की कोणाला पाहणं होईल. अल्गॉन्किन भाषांचे अभ्यासक अंगाचे तीन भाग पाडतात, आद्य, मध्य आणि अंत्य. आद्य भागात मुख्य अर्थ, मध्य भागात बहुधा एखादं नाम घुसवलेलं, शरीराचा अवयव किंवा लाकूड-दगड असा पदार्थ, हा भाग नसला तरी चालतो, आणि अंत्य भाग त्या चार घरांपैकी घर ठरवतो. अंत्य भाग क्रिया कशाने झाली तेही सांगतो. पिकु म्हणजे मोडण्याचा भाव, त्याला हाताचा न जोडला की पिकुनम, हाताने मोडतो. पायाचा किंवा अंगाच्या भाराचा श्क जोडला की पिकुश्कम, पायाखाली घेऊन मोडतो. संस्कृतातल्या विकरणांची, म्हणजे धातू आणि प्रत्यय यांच्या मधे येणाऱ्या तुकड्यांची, आठवण येते खरी, पण विकरणाला स्वतःचा असा अर्थ नसतो, इथे आहे.

आणि ही तीन भागांची मांडणी, चार घरांची नावं, हे सगळं बरंचसं लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं देणं आहे. हा मनुष्य १९२० नंतरच्या वर्षांत विस्कॉन्सिनमध्ये मेनॉमिनी लोकांत जाऊन बसला, १९२५ मध्ये सस्कॅचवनला क्री लोकांत राहिला, क्री म्हणजे इन्नूची सख्खी बहीण. आणि तो पाणिनीचा निस्सीम भक्त होता, अष्टाध्यायी त्याने मन लावून अभ्यासली होती. १९३९ मध्ये मेनॉमिनीच्या संधिनियमांवर त्याने जो निबंध लिहिला त्यात अंगाचं एक मूळ रूप कल्पायचं आणि त्यावर ठरलेल्या क्रमाने नियम लावत लावत प्रत्यक्ष रूपापर्यंत यायचं, ही सरळ सरळ पाणिनीची पद्धत आहे. अइमि अधिक उ बरोबर अइमु, हे आपण वर जे केलं ते त्याच वळणाचं. आपल्या संस्कृतच्या वर्गात पोरं जांभया देतात आणि तिकडे त्याच सूत्रपद्धतीने बर्फातल्या भाषा सुटतात!

होळकरशाही:

बुवा, जांभया देणाऱ्यांत मी होतो, मागून दुसरा बाक.

सयाजीबाग:

बडोद्याहून लिहितेय. तुमच्या तक्त्यात 'आम्ही' ची ओळ असेलच, तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून राहवलं नाही, कारण मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

इन्नूमध्ये आम्ही आणि आपण वेगळे आहेत. सर्वनामं निनान (आम्ही, तुला सोडून) आणि चिनानु (आपण, तुला धरून). क्रियापदात आम्ही झोपतो म्हणजे निनिपानान, आपण झोपतो म्हणजे चिनिपानानु. आता बघा, 'आपण' च्या रूपात पुढे चि आलाय, जो 'तू' चा आहे! कारण आपण मध्ये तू आहेसच ना, मग मान तुझा. तुम्ही झोपता ला पण चिच, चिनिपानाउ, फक्त शेपूट वेगळं.

आम्हा बडोद्याच्या लोकांना हे लगेच पटतं कारण मराठीत आम्ही-आपण आणि गुजरातीत अमे-आपणे, दोन्हीकडे भेद आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या माझ्या भाचरांची मात्र पंचाईत असते, हिंदीत सगळ्याला हम, त्यामुळे ती मराठी बोलताना पण 'चल मावशी, आम्ही पिक्चरला जाऊ' म्हणतात आणि मी पर्स उचलायची की नाही तेच कळत नाही 😄

तर हा जो मान तुझा नियम आहे ना तो सकर्मक क्रियापदांत आणखी रंगतो. च्वापमिन म्हणजे तू मला पाहतोस. च्वापमितिन म्हणजे मी तुला पाहतो. दोन्हींच्या पुढे चि! आपली सवय अशी की पुढे जो बसलाय तो कर्ता. इथे पुढे कोण बसणार हे मानाने ठरतं, तू सगळ्यात वर, मग मी, मग तो. कोणी कोणाला केलं ते मागचा प्रत्यय सांगतो. मी आणि तो असेल तर दोन्हीकडे नि, न्वापमाउ मी त्याला पाहतो, न्वापमिक तो मला पाहतो. म्हणून रामबागवालाभाऊ, पुढचा नि दिसला की लगेच 'मी अमुक करतो' असा अर्थ लावू नका, नि एवढंच सांगतो की या भानगडीत मी आहे.

जुनी_इंदूरकर:

सयाजीबाग ताई, भाचरांचं अगदी खरंय. माझ्या नातवाला आपण हा शब्द फक्त मान द्यायला वापरतात एवढंच माहीत आहे, तोही हिंदीतल्या आप वरून.

तुमच्या मानाच्या रांगेत खाली अजून एक पायरी आहे ती जोडते. दोन 'तो' एकाच वाक्यात आले, म्हणजे त्याने त्याला पाहिलं, तर मराठीत भांडण लागतं की कोणी कोणाला. इन्नूत ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मुख्य, आणि दुसऱ्याला मागे आ लावून बाजूला बसवतात. नापेउ वापमेउ इश्कुएउआ, पुरुष त्या बाईला पाहतो, बाई बाजूला बसलेली. आणि बाजूला बसलेल्याने मुख्य माणसाला पाहिलं तर वापमेउ चं वापमिकु होतं. काही पुस्तकांत याला चौथा पुरुष म्हणतात. बायका म्हणतील बाजूला नेहमी आम्हीच का, तर नाही, गोष्ट बाईची चालली असेल तर पुरुषाला आ लागतो.

रामबागवाला:

हे सगळं वहीत उतरवून घेतोय, आज क्लासला दांडी. नकाराचं कोणी सांगेल का? नि-चिस्सेनितेन म्हणजे मला माहीत आहे, इथपर्यंत बरोबर. पण मला माहीत नाही याला अपु चिस्सेनितमान. नि कुठे गेला? आणि अपु म्हणजे तर बसलाय ना, दुसऱ्या तक्त्यात अपु म्हणजे तो बसलाय असं दिलंय.

जुनी_इंदूरकर:

अपु दोन आहेत. एक 'तो बसलाय', ज्याचं मी चं रूप नित्-अपिन, म्हणजे अंग अपि (बुवा, शब्द बरोबर वापरला ना?). दुसरा अपु म्हणजे नुसता नकार. रोजच्या लिखाणात ते लोक ऱ्हस्व-दीर्घ दाखवत बसत नाहीत त्यामुळे असे जुळे खूप भेटतील.

आता नकार. आपल्याकडे मी जातो चं मी जात नाही होतं. जात हे तसंच राहतं आणि पुरुष-वचन नाही वर जाऊन बसतं, तू जात नाहीस, ते जात नाहीत. इन्नूत बरोबर उलटं. अपु कधीच बदलत नाही, दगडासारखा, आणि क्रियापद मात्र दुसरी प्रत्ययमाला घेतं. या भाषेत प्रत्ययांच्या दोन मोठ्या माळा आहेत, आज्ञार्थ वेगळा. एक स्वतंत्र वाक्याची, जिच्यात नि-चि असतात. दुसरी जोडवाक्याची, म्हणजे आपण जिथे जेव्हा, जर, की वगैरे म्हणतो तिथली. तिच्यात पुढे काही लागतच नाही, सगळं मागे. आणि अपु ला ही दुसरी माळ लागते. अपु निपाइआन, मी झोपत नाही. अपु निपाइन, तू झोपत नाहीस. अपु निपात, तो झोपत नाही. (निपात बघून दचकू नका, मूळ निपा आणि प्रत्यय त.)

प्रश्न विचारतानाही कुठे, कसं, काय असे शब्द आले की हीच माळ लागते, आणि वर अंगाचा पहिला स्वर बदलतो. तू वर इशिनिकाशु लिहिलंस ना, तुझं नाव काय असं विचारायचं तर तान एशिनिकाशुइन? पहिल्या इ चा ए झाला. उत्तर देताना परत स्वतंत्र माळ, अमुक नित्-इशिनिकाशुन. म्हणजे कोशात ए खाली शोधत बसलास तर सापडणार नाही, इ खाली जा.

शास्त्रीबुवा:

शब्द अगदी बरोबर वापरलात. आणि तुमच्याच मांडणीतून एक सोय निघते ती सांगतो. अंग ओळखायला मी चं रूप बघावं लागतं म्हणालात, पण जोडवाक्याच्या माळेत 'तो' चा प्रत्यय उ नसून त आहे, आणि त हे व्यंजन असल्यामुळे त्याच्या मागचा स्वर गिळला जात नाही. म्हणून तो बोलत नाही हे अपु अइमित, तो गात नाही हे अपु निकमुत. जो इ आणि उ चा घोळ होता तो इथे आपोआप सुटलेला दिसेल.

रामबागवाला:

अरे वा! म्हणजे तो काम करत नाही, अपु अतुस्सेत. तो ते खात नाही, अपु मिचित. आणि तो बसलेला नाही म्हणजे अपु अपित, एक नकाराचा आणि एक बसण्याचा. हे मी आत्ताच बहिणीला पाठवतो, तिच्या ओळखीची एक इन्नू मुलगी आहे युनिव्हर्सिटीत, तिला दाखवेल म्हणाली.

जुनी_इंदूरकर:

बरोबर आहेत चारही. पाठव पण तिला विचारून घे की ती मुलगी कुठल्या गावची, कारण पश्चिमेकडच्या गावांत, माश्तेउइआच वगैरे, न च्या जागी ल बोलतात, ते स्वतःला इल्नू म्हणवतात. तुझ्या वहीतले नि आणि न तिच्या तोंडी जसेच्या तसे येतीलच असं नाही.

आणि तो त सगळीकडे लावत सुटू नकोस, तो अकर्मक सजीव घराचा आहे आणि त्याच्या वळणावर चालणाऱ्या मिचु सारख्यांचा. चिस्सेनितम, वापतम ही निर्जीव कर्मवाली, त्यांना तिथे क येतो, त्याला माहीत नाही म्हणजे अपु चिस्सेनिताक. वापतम चं तू करून बघ, मी उद्या तपासते.

रामबागवाला:

अपु वापताक?

जुनी_इंदूरकर:

हो. आता वापमेउ चा जोडवाक्याचा तक्ता काढ, तिथे कोण कोणाला हे सगळं शेपटात कोंबलेलं असतं, तो एका बैठकीत होणार नाही.

होळकरशाही:

मी उद्या येतो मग.